घरचं बीपी मशीन आणि गेज रूमची शिस्त

घरात बीपीचं मशीन नवं आलं की चार दिवस जत्रा भरते. आजी, सून, शेजारच्या काकू, दूधवालासुद्धा हात पुढे करतो. कुणी उभ्याउभ्या, कुणी स्वेटरवरून पट्टा बांधून, कुणी फोनवर बोलता बोलता. आकडा मोठा दिसला की धावपळ, लहान दिसला की गोळीला सुट्टी. मग मशीन टीव्हीखालच्या कप्प्यात जातं, ते पुन्हा कुणाला चक्कर येईपर्यंत बाहेर निघत नाही.

माझी सगळी नोकरी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत, गेज रूममध्ये झाली. प्रेशर गेज, व्हर्नियर, मायक्रोमीटर, कारखान्यात ज्याने ज्याने काही मोजायचं ते आधी आमच्या टेबलावर यायचं, तपासलं जायचं आणि स्टिकर लागल्यावरच लाइनवर जायचं. मी डॉक्टर नाही. कुणाला कोणती गोळी, किती, हे मला विचारायचं नाही आणि मी सांगतही नाही. पण आता सिडकोत आमच्या सोसायटीत कुणाचं बीपी बघायचं असलं की मला हाक येते, आणि मग मी भांडतो. आकडा कसा घेतला ते कळल्याशिवाय तो मानायचा नाही, ही आमची जुनी खोड.

१२०, पण कशाचे?

पाऱ्याचे मिलिमीटर. उभ्या काचेच्या नळीत पारा १२० मिलिमीटर उंच उचलून धरेल एवढा दाब. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणजे तोच दाब पाणी उचलायला लावला तर ते साधारण १६३ सेंटिमीटर चढेल. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने हे पाऱ्याशिवायच करून पाहिलं होतं. घोडीच्या धमनीत नळी घालून वर उंच काचेची नळी जोडली, तर रक्त आठ फुटांच्या वर चढलं. हा प्रयोग त्याने १७३३ मध्ये छापला. आमच्या भाषेत सांगायचं तर कारखान्याच्या हवेच्या लाइनला सहा-सात किलोचं (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला तेवढे किलो) प्रेशर असतं, आणि १२० चं बीपी म्हणजे जेमतेम ०.१६ किलो. आकडा किरकोळ वाटतो. पण तो रात्रंदिवस, वर्षानुवर्षं धमन्यांच्या आतल्या अस्तरावर बसत असतो. वाढलेला राहिला की मेंदू, हृदय, किडनी आणि डोळ्याचा पडदा या चार ठिकाणी नुकसान करतो, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. “माझं वाढलं की माझं डोकं दुखतं, मला मशीन कशाला?” असं म्हणणारे खूप भेटतात. डोकं शंभर कारणांनी दुखतं, आणि १७० असलेला माणूस मजेत पेपर वाचत बसलेला असतो.

वरचा आकडा म्हणजे हृदय आकुंचन पावून रक्त ढकलतं त्या वेळचा दाब. खालचा म्हणजे दोन ठोक्यांच्या मधे, हृदय सैल होऊन भरत असताना धमन्यांत उरलेला दाब. तो शून्यावर येत नाही, कारण धमन्यांच्या भिंती लवचीक असतात. ताणल्या गेलेल्या भिंती परत येताना रक्ताला पुढे रेटतात. वयाबरोबर त्या कडक होत जातात. म्हणून म्हाताऱ्या माणसांत बऱ्याचदा वरचा आकडा चढतो आणि खालचा तिथेच राहतो किंवा उतरतो. “खालचा ८० आहे ना, मग झालं” हे साठीनंतर चालत नाही. आणि ‘वय अधिक शंभर’ हा जुना हिशेब तर डोक्यातून काढूनच टाका. सत्तरीच्या माणसाला १७० चालतं, असं नाही.

मशीनला कसं कळतं

दंडाला हवेचा पट्टा बांधून दाब मोजण्याची युक्ती इटलीच्या रिव्हा-रोची यांची, १८९६ मधली. ते मनगटावर नाडी चाचपून फक्त वरचा आकडा सांगायचे. १९०५ मध्ये कोरोटकोव्ह या रशियन सर्जनने कोपराच्या आतल्या बाजूला स्टेथोस्कोप ठेवून ऐकायला सुरुवात केली. पट्टा फुगवून धमनी पूर्ण बंद करायची, मग सेकंदाला दोन-तीन मिलिमीटर या संथ गतीने हवा सोडायची. रक्ताची पहिली उसळी निसटली की ‘टक’ ऐकू येतो, तो वरचा आकडा. धमनी पूर्ण मोकळी झाली की आवाज थांबतात, तो खालचा. दवाखान्यातल्या काटेवाल्या यंत्रावर आजही हेच चालतं. हवा भसकन सोडली की पहिला ‘टक’ चुकतो आणि वरचा आकडा कमी धरला जातो.

त्या काट्याच्या डायलवर एक एक घर दोन मिलिमीटरचं असतं. म्हणजे १३५ नावाची रेघच तिथे नसते, १३४ असते आणि १३६ असते. एखाद्या फाइलमध्ये सगळी रीडिंग १२०/८०, १३०/८०, १४०/९० अशी शून्यावर संपणारी दिसली की मी ओळखतो, कुणीतरी गोल करून लिहिलंय. पट्टा सैल असताना काटा शून्यावर बसलेला नसेल, तर ते यंत्र एकदा तरी पडलेलं आहे असं समजा.

घरचं डिजिटल मशीन आवाज ऐकत नाही. हवा उतरत असताना (काही मशीनमध्ये भरत असताना) पट्ट्यात नाडीची बारीक थरथर येते, ती ते मोजतं. थरथर जिथे सगळ्यात मोठी, तो साधारण सरासरी दाब. तिथून वरचा आणि खालचा आकडा मशीन स्वतःच्या सूत्राने काढतं, आणि ते सूत्र ज्या त्या कंपनीचं असतं. म्हणून दोन चांगल्या मशीनमध्येही तीन-चारचा फरक पडू शकतो. त्यावरून शेजाऱ्याशी पैज लावू नये. खोक्यावर ‘अचूकता ±३’ छापलेलं असतं, तेही नीट वाचा. तो आकडा पट्ट्यातल्या हवेचा दाब मशीन किती बरोबर ओळखतं त्याचा आहे. तुमच्या धमनीतला दाब किती बरोबर काढतं, त्याचा नाही. त्यासाठी मशीनची माणसांवर वेगळी चाचणी व्हावी लागते. अशी चाचणी उतरलेल्या मॉडेलांची यादी ‘स्ट्राइड बीपी’ या संकेतस्थळावर मिळते. दुकानात जाण्याआधी मॉडेलचं नाव तिथे शोधायचं. मनगटाचं मशीन घेऊ नका, दंडाचंच घ्या. हातातल्या घड्याळाने सांगितलेल्या बीपीवर तर मी एक गोळीसुद्धा हलवू देणार नाही.

पट्टा

मशीनपेक्षा पट्टा जास्त गोंधळ घालतो, आणि याच गोष्टीकडे कुणी बघत नाही. शिंप्याची टेप घ्या. खांद्याचं हाड आणि कोपर यांच्या बरोबर मधे दंडाचा घेर मोजा. मशीनबरोबर येणारा साधा पट्टा बहुतेक वेळा २२ ते ३२ सेंटिमीटरसाठी असतो, तसं त्याच्यावर छापलेलंही असतं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींचा दंड भरला ३५. त्यांचं बीपी घरी कायम चढलेलं दिसायचं. ३२ ते ४२ चा मोठा पट्टा आणला, तर वरचा आकडा दहाच्या आसपास उतरला. गोळी तीच, मीठ तेच, वहिनी त्याच. लहान पट्टा जाड दंडावर आकडा फुगवतो, आणि मोठा पट्टा काटकुळ्या दंडावर तो कमी दाखवतो.

बांधायचा उघड्या दंडावर. शर्टाची किंवा ब्लाउजची बाही वर सरकवून तिचा गच्च वळा होत असेल तर तो वळाच रक्त अडवतो. सैल बाहीचं काहीतरी घाला. पट्ट्याची खालची कडा कोपराच्या घडीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर, नळी हाताच्या आतल्या बाजूने, धमनीवरून. आत एक-दोन बोटं सहज जावीत एवढाच घट्ट. स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील किंवा डायलिसिससाठी फिस्टुला (धमनी आणि शीर यांची केलेली जोडणी) केलेला असेल, तर त्या हाताला पट्टा लावायचाच नाही.

बसायचं कसं

आधीच्या अर्ध्या तासात चहा, कॉफी, सिगारेट, तंबाखू, व्यायाम काही नको. मिश्री लावणाऱ्या आज्या हे तंबाखूत धरत नाहीत, म्हणून वेगळं सांगतो: मिश्रीसुद्धा नको. लघवीला जाऊन यायचं. तुंबलेल्या लघवीने आकडा दहा-पंधराने चढू शकतो. मग पाठ टेकवता येईल अशा खुर्चीत बसायचं. पलंगाच्या कडेवर नाही, जमिनीवर मांडी घालून नाही. दोन्ही पावलं जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही. आणि पाच मिनिटं गप्प.

हे पाच मिनिटं गप्प बसणं नाशिककराला सगळ्यात अवघड जातं. पट्टा फुगत असताना “किती येतंय?” असं विचारलं तरी आकडा वाढतो, बोलण्याने वरचा दाब दहाच्या घरात सहज चढतो. टीव्हीही बंद. मी रीडिंग घेताना समोरच्याला हसू येईल अशी गोष्टही करत नाही, मग लोक म्हणतात काका फार कडक आहेत.

हात टेबलावर, आणि दंडाचा पट्टा हृदयाच्या उंचीवर, म्हणजे छातीच्या मध्यावर यायला हवा. टेबल बुटकं असेल तर खाली उशी किंवा दोन जाड पुस्तकं घाला. इथे तो वरचा पाण्याचा हिशेब कामाला येतो. रक्त जवळपास पाण्याइतकंच जड असतं. हात दहा सेंटिमीटर खाली लोंबला की तेवढ्या उंचीच्या रक्ताचं वजन आकड्यात मिळतं, म्हणजे सात-आठ मिलिमीटर फुकटचे. हात वर धरला की तेवढेच वजा. आणि हात टेकलेला हवा. स्वतःच्या ताकदीने अधांतरी धरून ठेवला तर स्नायू ताणले जातात आणि आकडा चढतो.

सगळ्यात पहिल्यांदा मोजताना दोन्ही हातांचं घ्या. ज्या हाताचं जास्त येतं तो हात कायमचा ठरवा. दोन्ही हातांत पुन्हा पुन्हा दहापेक्षा जास्त फरक येत असेल तर ते डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे.

गोल्फ क्लब मैदानासारख्या ठिकाणी सकाळी फिरायला जाणाऱ्यांसाठी कधीकधी मोफत बीपी तपासणीचं टेबल लागतं. हेतू चांगला, पण तीन चकरा मारून घामेजलेल्या अंगाने खुर्चीत बसायचं आणि लगेच पट्टा, हे काही रीडिंग नाही. तिथे बसायचंच असेल तर आधी शांत बसून राहायचं, मागची रांग कितीही कुरकुरली तरी.

एक आकडा म्हणजे काहीच नाही

आमच्या गेज रूममध्ये एका रीडिंगवर कधी कुणी सही केली नाही. बीपी तर दिवसभर हलतं. झोपेत उतरतं, पहाटे चढायला लागतं, भांडणात चढतं. द्वारका चौकातल्या गर्दीतून गाडी काढून, पार्किंग शोधून, जिना चढून डॉक्टरांसमोर बसलेल्या माणसाचं जे येतं ते त्याचं रोजचं असेलच असं नाही. काहींचं फक्त दवाखान्यात वाढतं, घरी नीट असतं. उलटही असतं, आणि ते जास्त वाईट: दवाखान्यात छान, घरी आणि कामावर वाढलेलं. घरच्या मशीनचा खरा उपयोग ही दोन माणसं ओळखण्यासाठी आहे.

म्हणून सात दिवसांची वही करा. सकाळी उठल्यावर तासाभरात, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आणि गोळीच्या आधी दोन रीडिंग. दोन्हींमध्ये एक मिनिटाचं अंतर, म्हणजे हातातलं रक्त पूर्ववत होतं. संध्याकाळी जेवणाआधी तसंच दोन. तारीख, वेळ, वरचा, खालचा, नाडी. जो येईल तो लिहायचा, आवडला नाही म्हणून तिसऱ्यांदा घ्यायचा नाही. पहिल्या दिवसाचे चारही आकडे सोडून द्यायचे, नवलाईत ते चढलेले असतात. उरले सहा दिवसांचे चोवीस. वरच्यांची बेरीज भागिले चोवीस, खालच्यांची बेरीज भागिले चोवीस. ही सरासरी हे तुमचं बीपी.

शेजारचे तात्या आधी असं करत नसत. त्यांच्या आठवड्याच्या आकड्यांत वरचा १२८ पासून १५२ पर्यंत कुठेही असे. पुण्याच्या मुलीला फोनवर १२८ सांगायचे आणि डॉक्टरांना घाबरून १५२. दोन्ही खरे होते आणि दोन्ही निरुपयोगी. वही केली, सरासरी निघाली १३७. डॉक्टरांनी त्यावर काय ठरवायचं ते ठरवलं.

आता या सरासरीचं काय समजायचं? दवाखान्यातलं बीपी पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल तर ते वाढलेलं धरतात. घरी माणूस निवांत असतो, म्हणून घरची रेघ खाली आहे: १३५/८५. दोन्हींपैकी एक आकडा रेघेवर गेला तरी डॉक्टरांकडे वही घेऊन जायचं. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २०१७ मध्ये ही रेघ १३०/८० वर आणली, म्हणून इंटरनेटवर दोन वेगळे तक्ते दिसतात आणि लोक चक्रावतात. तुम्हाला डायबेटिस किंवा किडनीचा त्रास असेल तर तुमचं लक्ष्य वेगळं असू शकतं. ते आकड्यातच विचारून घ्या. “कंट्रोलमध्ये ठेवा” एवढ्यावर उठून येऊ नका.

आणि गोळी चालू असताना १२४/७८ आलं तर ते गोळीमुळे आलंय. म्हणून गोळी बंद करणं म्हणजे छत्रीखाली भिजत नाही म्हणून पावसात छत्री मिटणं. थंडीत बीपी चढतं, उन्हाळ्यात उतरतं. निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या येतात त्या आठवड्यात आणि मे महिन्यात अशा दोन वह्या केल्या, तर डॉक्टरांना डोस कमी-जास्त करायला आधार मिळतो. ते त्यांनी करायचं.

मिठाबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, आणि त्यात भाजीतलं, पापडातलं, लोणच्यातलं, शेव-फरसाणातलं सगळं आलं. मिसळ सोडा असं नाशिकमध्ये सांगायची माझी हिंमत नाही. पण वाटीमागून वाटी तर्री, वरून फरसाण आणि बाजूला पापड, यातलं एखादं कमी होऊ शकतं. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास असणाऱ्यांनी आणि बीपीच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी ते विचारल्याशिवाय आणू नये. गुडघेदुखीवर सर्रास घेतल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनीही बीपी चढतं. मेडिकलमधून परस्पर आणून घेत असाल तर त्यांची नोंद त्याच वहीत करा.

थांबायचं नाही अशा वेळा

१८०/१२० किंवा त्यावर आकडा आला आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, हातपाय लुळा पडणं, अंधुक दिसणं किंवा कधी न झालेली भयंकर डोकेदुखी असेल, तर पाच मिनिटं गप्प बसायचं वगैरे सगळं विसरून १०८ ला फोन. लक्षणं असताना आकडा लहान आला तरीही फोन. नुसता आकडा मोठा आणि माणूस ठणठणीत असेल तर बसवा, पाच मिनिटांनी पुन्हा घ्या. तसाच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला, घरात पडलेली जादा गोळी देऊ नका.

गरोदर बाईचं १४०/९० आलं तर सात दिवसांची वही करत बसायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं.

वयस्कर माणसं, डायबेटिसवाले आणि बीपीच्या गोळ्या घेणारे यांनी उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर आणखी एक मोजणी करावी. बसून घ्या, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला घ्या. जवळ कुणीतरी असू द्या. उभं राहिल्यावर वरचा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना सांगा. रात्री बाथरूमकडे जाताना पडण्यामागे पुष्कळदा हेच असतं. मशीनवर अनियमित ठोक्यांची खूण पुन्हा पुन्हा दिसत असेल तर ईसीजी काढावा लागतो. अशा नाडीवर डिजिटल मशीन चाचपडतं, म्हणून दोनाऐवजी तीन रीडिंग घ्यायची.

ज्यांच्याकडे मशीन नाही त्यांच्यासाठी जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी आरोग्य केंद्रांत बीपी फुकट बघतात. तिशीनंतर एकदा तरी जाऊन यावं. काही होत नसतानाच जायचं असतं.

शेवटचं मशीनबद्दल. वर्षातून एकदा ते डॉक्टरांकडे घेऊन जा. एकाच हाताला आधी त्यांचं, मग तुमचं, मग पुन्हा त्यांचं, मधे मिनिट-मिनिट थांबून. तुमचा आकडा त्यांच्या दोन आकड्यांच्या सरासरीपासून पाचच्या आत असेल तर मशीन चांगलं. दहाच्या वर गेला तर आधी पट्टा आणि नळी बघा, कुठे हवा निसटते का ते. तिथे काही सापडलं नाही तर मशीन बदला. तपासल्याची तारीख खाली चिकटवून ठेवा, आम्ही लावायचो तशी. आणि महिनोन्‌महिने वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा; गळलेला सेल आतल्या पत्र्या खाऊन टाकतो.